नावातली मोकळी जागा

कुंभार पिंपळगावातल्या माझ्या दुकानात गिऱ्हाइकांचे फोटो, सातबारे गावनिहाय फोल्डरांत असतात. उबुंटूवरची एक शेल स्क्रिप्ट फोल्डर विचारते आणि आतल्या फोटोंचा आकार कमी करते. एवढ्याशा कामाने शिकवलं मात्र बरंच.

१. आपण फोल्डर निवडतो, स्क्रिप्टला मिळतो फक्त त्याचा पत्ता. स्क्रिप्टमधली झेनिटी ही आज्ञा फोल्डर निवडायची विंडो उघडते, ‘ओके’ दाबलं की पत्त्याची, म्हणजे पाथची, एक ओळ छापते आणि मोकळी होते. माझ्या डोळ्यांसमोर अख्खं गाव, स्क्रिप्टपुढे नुसती अक्षरं.

२. शेलच्या लेखी स्पेस आली की शब्द संपला. पाथ ठेवलेलं व्हेरिएबल अवतरणचिन्हांविना लिहिलं तर ‘कुंभार’ एक आणि ‘पिंपळगाव’ दुसरं. गावाची अशी वाटणी ग्रामसभेतही कुणी मागितली नसेल! चिन्हं दुहेरीच हवीत. एकेरीत डॉलरपुढचं नाव जसंच्या तसं राहतं, त्यातला पत्ता बाहेर येत नाही.

३. चाचणीला अवघड गाव घ्यावं. तीर्थपुरी, रांजणी चिन्हांशिवायही सुरळीत पार पडतात आणि आपण स्वतःला इंजिनिअर समजू लागतो. जांब समर्थ किंवा राणी उंचेगाव निवडलं की पदवी परत!

४. दोष मराठीचा नसतो. देवनागरीकडे संशयाने बघायची मला सवयच होती. पण यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, वेलांटी, अनुस्वारही त्यात आले. आमच्या गावाचं नाव स्पेससकट ४३ बाइटांचं, आणि ईएक्सटी४ या फाइल सिस्टीममध्ये एका नावाला २५५ बाइट चालतात. अडतं ते त्या एका बाइटाच्या स्पेसपाशी.

५. ‘कॅन्सल’ हेही उत्तरच असतं. झेनिटी तेव्हा पाथ देत नाही, एक्झिट कोड १ देते. तिकडे दुर्लक्ष केलं आणि अवतरणचिन्हंही नसली, तर फोल्डर बदलणाऱ्या ‘सीडी’ आज्ञेला पत्ताच मिळत नाही, ती गुपचूप होम फोल्डरात जाते आणि पुढचं काम तिथेच सुरू होतं. माणूस ‘नको’ म्हणाला तर थांबायचं, हे यंत्राला लिहूनच द्यावं लागतं.

६. आधी ‘इको’ने पाथ छापून बघावा, मग फायलींना हात लावावा. यात कमीपणा कसला? पत्ता रिकामा आहे का, डॉलरपुढचं नाव तसंच राहिलं का, हे तिथेच कळतं; स्पेसपाशी झालेली वाटणी मात्र त्यात दिसत नाही.

तुमच्या गावाचं नाव एकाच शब्दाचं असेल, तरी दुहेरी चिन्हं लावाच. पुढचं गिऱ्हाईक कुठल्या गावचं येईल, सांगता येत नाही.