वाटेत पडलेला तो, आणि घाईत असलेले आपण

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १३



या श्लोकापासून भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगायला लागतात. सुरुवात कुठून होते बघा. जप किती केला, उपवास किती धरले, इथून नाही. कुणाचा द्वेष नाही, सगळ्यांशी मैत्री आणि करुणा, इथून! आणि यात भूतमात्र आलं, म्हणजे ज्याचं नावही आपल्याला माहीत नाही तो माणूसही आला.

मग प्रश्न असा, की अनोळखी माणूस रस्त्यात पडलेला दिसला की ही करुणा ऐनवेळी कुठे जाते?

अमेरिकेत प्रिन्स्टनला डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मगुरू होण्यासाठी शिकणारे ४० विद्यार्थी. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटंसं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय होता बायबलमधली गोष्ट, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाची. जाताना वाटेत एक माणूस मान खाली घालून खोकत, कण्हत बसलेला. तो मुद्दामच बसवला होता. ज्यांना भरपूर वेळ होता, त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. थोडी घाई असलेल्यांतले ४५ टक्के. आणि ‘तुम्हाला उशीर झालाय’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता, याने फारसा फरक पडला नाही.

ही मुलं वाईट नव्हती हो. घाईत नजर अरुंद होते, एवढंच.

आता आपल्या एकनाथ महाराजांची कथा आठवा. काशीहून गंगेची कावड खांद्यावर, जायचं रामेश्वराला. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेनं तडफडतंय. नाथांनी कावडीतलं पाणी त्याच्या तोंडात ओतलं. रामेश्वराला पाणी इथेच पोचलं, असा त्यांचा भाव. आपण ही कथा भूतदयेची म्हणून सांगतो, पण तिच्यात घाईचीही गोष्ट आहे. नाथांकडे न थांबण्याचं कारण होतं, आणि तेही किती पवित्र! तरी ते थांबले. आपल्याला आरती गाठायची असते, ऑफिसची बस पकडायची असते. म्हणून पाच मिनिटं हाताशी ठेवून घराबाहेर पडणं हीसुद्धा साधनाच आहे.

दुसरी अडचण गर्दीची. १९६८ मध्ये डार्ली आणि लाताने यांचा न्यूयॉर्कमधला प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून माइकवरून बोलत होते. बोलता बोलता एकाला फिट आल्याचं ऐकू आलं. हे फक्त आपणच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के त्याचा आवाज बंद होण्याआधीच मदत मागायला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटणाऱ्यांतले ३१ टक्केच उठले. पण जे उठले नाहीत, त्यांच्यातल्या कित्येकांचे हात थरथरत होते, ‘तो ठीक आहे ना?’ असं ते विचारत होते. म्हणजे करुणा होती. ‘हे माझं काम आहे’ हे ठरलं नव्हतं.

समजा, संध्याकाळी देवळाली कॅम्पात लॅम रोडवर बाईक घसरली. वीस जण जमले. प्रत्येकजण दुसऱ्याचा चेहरा बघतो. दुसरा शांत दिसतो, म्हणजे फार लागलं नसेल! तो दुसराही नेमकं हेच करत असतो.

१७ एप्रिल २०२१ ला वांगणी स्टेशनवर काय झालं, ते अनेकांनी व्हिडिओत पाहिलंय. दृष्टिहीन आईचा हात धरून चाललेलं मूल रुळावर पडलं, समोरून उद्यान एक्सप्रेस. रेल्वेचे पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून धावत गेले, मुलाला वर ढकललं आणि क्षणात स्वतःही वर चढले. बक्षिसाच्या ५०,००० रुपयांतली निम्मी रक्कम त्यांनी त्याच कुटुंबाला दिली. आपण गाडीपुढे उडी घ्यावी असं कुणी म्हणत नाही. पण ‘कुणीतरी बघेल’ हा विचार ज्या क्षणी गळून पडतो, त्या क्षणी काय होतं ते इथे दिसतं.

‘पोलिसांची कटकट नको’ म्हणूनही आपण मागे सरतो. पण २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आहे. अपघातात सद्हेतूने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला चालत नाही, आणि पोलिसांना किंवा हॉस्पिटलमध्ये नाव सांगण्याची सक्तीही नाही.

आपल्या नाशिकला तर हे फार जवळचं आहे. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली, तीसहून अधिक भाविक गेले. २०२७ मध्ये पुन्हा लाखो अनोळखी माणसं गोदाकाठी स्नानाला येतील. आपणही त्या गर्दीत असू.

आजची साधना :

१. ११२ आणि १०८ हे नंबर पाठ करा. फोन लावला की आधी ठिकाण सांगा.

२. गर्दीत ‘कुणीतरी फोन करा’ असं ओरडू नका. एकाकडे बोट दाखवा : ‘निळ्या शर्टवाले दादा, तुम्ही १०८ लावा. ताई, तुम्ही गाड्या थांबवा.’ ज्याला नेमून सांगितलं, तो हलतो.

३. प्रथमोपचार शिका. काय करायचं ते माहीत असलं, की पाय अडखळत नाही.

प्रार्थना : देवा, तुझ्याकडे येण्याच्या घाईत वाटेत पडलेला तू मला ओलांडू देऊ नकोस. आणि चारचौघांत उभा असताना पहिलं पाऊल माझं पडू दे.

राम कृष्ण हरी!