माया जमवू नये, नाणी जमवावीत!

'त्याने बरीच माया जमवली' असं आपण म्हणतो तेव्हा माया म्हणजे पैसा. या लेखातली माया मात्र वेगळी. दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ आणि होंडुरास या भागात माया लोकांची मोठमोठी नगरं होती. साधारण इ.स. २५० ते ९०० हा त्यांचा भरभराटीचा काळ. त्यांचे वंशज आजही तिथे लाखोंनी राहतात आणि माया भाषा बोलतात. गंमत म्हणजे या प्राचीन माया लोकांकडे नाणी नव्हतीच. ज्या कोकोच्या बियांपासून आपलं चॉकलेट होतं, त्या बियाच तिथे पैसे म्हणून चालायच्या.

मध्य अमेरिकेच्या जुन्या वस्तू जमवणाऱ्यांत दोन गट दिसतात. एक नाणी जमवतो, दुसरा माया मडकी, जेडचे मणी, कोरीव दगड. वरवर दोन्ही छंद सारखेच वाटतात. पण त्यात एक मोठा फरक आहे आणि तो इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला चटकन समजेल.

नाणं : माहिती स्वतःबरोबर

ग्वाटेमालात स्पॅनिश राजाची टांकसाळ १७३३ साली सुरू झाली. गाव सँतियागो, म्हणजे आजचं अँटिग्वा. सुरुवातीची नाणी चांदीचे तुकडे कापून, हातोड्याने ठोकून केलेली, त्यामुळे वेडीवाकडी. १७५४ पासून यंत्रावर गोल नाणी पडू लागली. १७७३ च्या भूकंपात शहर उद्ध्वस्त झालं, १७७६ मध्ये राजधानी नव्या जागी गेली. मग नाण्यावरचं टांकसाळीचं अक्षरही बदललं. आधी नुसता 'जी' होता, नंतर 'एनजी' झाला, म्हणजे नवं ग्वाटेमाला. एवढा मोठा भूकंप, आणि त्याची नोंद एका जास्तीच्या अक्षरात!

१८२१ मध्ये स्पेनची सत्ता गेली. पुढे ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका यांनी मिळून एक संघराज्य केलं. त्याच्या नाण्यांवर १८२४ पासून एका रांगेत पाच ज्वालामुखी आणि शेजारी उगवता सूर्य दिसतो. पाच डोंगर म्हणजे पाच राज्यं. मागच्या बाजूला सीबाचं झाड आहे. सीबा म्हणजे आपली पांढरी सावर, आणि माया लोकांचं पवित्र झाड. संघराज्य १८४० पर्यंत मोडलं, तरी काही टांकसाळी नंतरही तेच चित्र छापत राहिल्या. राज्य संपलं, साचा चालू!

१८९४ मध्ये ग्वाटेमालाने तर पेरू आणि चिलीच्या मोठ्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःच्या छोट्या अर्ध्या रेआलचा ठसा मारून तीच चलनात आणली. एकाच नाण्यावर दोन देश! १९२५ मध्ये तिथलं चलन झालं केत्साल. हा एक हिरवा पक्षी. याचीच पिसं माया राजे मुकुटात घालायचे.

नाण्यावर देश, साल, किंमत, टांकसाळ, बऱ्याचदा चांदी तपासणाऱ्या अधिकाऱ्याची आद्याक्षरंसुद्धा असतात. म्हणून ते शंभर हातांतून फिरलं तरी त्याची बरीचशी माहिती शाबूत राहते.

घरच्या घरी टेस्ट

संघराज्याचं आठ रेआलचं नाणं साधारण २७ ग्रॅमचं, सुमारे ९० टक्के चांदीचं. अशा चांदीची घनता १०.३ च्या आसपास येते. नाणं आधी हवेत तोला. मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोला. खऱ्या नाण्याचं वजन पाण्यात सुमारे २.६ ग्रॅमने कमी भरेल. तांबे-निकेलचं नकली नाणं तेवढ्याच वजनाचं असेल तर ही घट तीनच्या वर जाते. आर्किमिडीजचा हा नियम आपण शाळेत मार्कांसाठी पाठ केला, इथे तो पैसे वाचवतो. शिवाय चांदी चुंबकाला चिकटत नाही. आणि प्लीज, जुनं नाणं चिंच किंवा टूथपेस्ट लावून घासू नका. चकाकी येते, पण किंमत आणि बारीक नक्षी दोन्ही जाते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलं तर हिरवट चिकट थर चढतो. होस्टेलच्या पावसाळी दमटपणात डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी.

मडकं : माहिती मातीत

आता माया वस्तू. सिव्हिलवाल्यांना विचारा, बोअरहोलचा नंबर आणि खोली न लिहिलेल्या मातीच्या नमुन्याचा उपयोग काय? शून्य. माया मडक्याचंही तसंच. ते कुठल्या थडग्यात, कोणाच्या डोक्याशी, कुठल्या थरात होतं, ही माहिती आजूबाजूच्या मातीत असते. चोराने उपसलं की ती कायमची गेली.

तात्याना प्रोस्कुरियाकॉफ ही मूळची आर्किटेक्ट. पिएद्रास नेग्रास या माया नगरात कोरीव शिळा इमारतींसमोर गटागटाने उभ्या होत्या. एका गटातल्या सगळ्या तारखा माणसाच्या एका आयुष्यात बसतात, हे तिच्या लक्षात आलं. १९६० मध्ये तिने दाखवून दिलं की या शिळांवर राजांचा इतिहास आहे. त्याआधी अनेक अभ्यासक समजत होते की त्यावर फक्त पंचांग आणि देव आहेत. शिळा कुठे उभ्या होत्या हे माहीत नसतं तर हे कळलंच नसतं.

उलट उदाहरण बघा. १९६० च्या दशकात एकाच शैलीचे अनेक कोरीव दगड बाजारात आले आणि म्युझियम व श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत पांगले. ते कुठल्या गावचे, कोणाला माहीत नाही. पीटर मॅथ्यूज या अभ्यासकाने त्या गावाला 'साइट क्यू' नाव दिलं. स्पॅनिश 'के?' म्हणजे 'कुठलं?' त्यातला हा क्यू. १९९७ मध्ये ग्वाटेमालाच्या जंगलात ला कोरोना हे ठिकाण अभ्यासकांनी पाहिलं, आणि २००५ मध्ये तिथे जागेवरच तसाच कोरीव दगड सापडला, तेव्हा कोडं सुटलं. म्हणजे चोरांनी काही दिवसांत पुसलेलं उत्तर परत मिळवायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली. आणि फायदा कोणाला? खणणाऱ्या गरीब माणसाच्या हातात थोडेसे पैसे पडतात, खरी कमाई मधल्या व्यापाऱ्यांची.

कायदाही स्पष्ट आहे. ग्वाटेमालाच्या १९८५ च्या राज्यघटनेत असा वारसा विकायला आणि देशाबाहेर न्यायला बंदी आहे. माचाकिला इथली एक शिळा कापून अमेरिकेत नेली गेली. पण एका अभ्यासकाने तिची नोंद आधीच करून ठेवली होती, त्यामुळे चोरी सिद्ध झाली, शिक्षा १९७४ मध्ये अपिलातही कायम राहिली. आपल्याकडेही १९७२ चा पुरावस्तू कायदा आहेच.

थोडक्यात, विकत घेण्याआधी एकच प्रश्न विचारा : ही वस्तू मूळ जागेवरून उचलल्याने काही माहिती नष्ट झाली का? व्यवहारात फिरलेल्या सुट्या नाण्याबाबत उत्तर बहुतेक 'नाही' असतं. मात्र जमिनीत नाण्यांचा हंडा सापडला तर तोही माया मडक्यासारखाच. हात न लावता सरकारला कळवायचा. आणि माया कलेची आवडच असेल तर म्युझियममध्ये बघा, फोटो जमवा, आजच्या माया विणकरांचं कापड घ्या. तेवढ्याने कोणाचंही थडगं उकरलं जात नाही.