दंडाचा घेर कळव

पालम, जि. परभणी

चि. बाळूस,

परवा बाजारात तुझ्यासोबत पुण्यात अभ्यासाला असलेल्या पोराची आई भेटली. म्हणाली, तुमचा बाळू एकाच वेळची मेस खातो, रात्री चहा-बिस्किटावर अभ्यासिकेत बसतो. घरी येऊन दिवाळीचा फोटो काढून पाहिला. शर्टाची बाही दंडावर लोंबतेय अन् पोट तेवढं पुढं आलंय. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. दादा-वहिनीला अजून काही बोलले नाही.

"आत्या, वजन बरोबर आहे," असं मला सांगू नकोस. लेकरांचे दंड रंगीत पट्टीनं मोजण्यात माझ्या नोकरीची वर्षं गेली. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या लेकराचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला की पट्टीवर लाल रंग दिसतो, १२.५ पर्यंत पिवळा. लाल रंगातलं लेकरू साध्या हगवणीनं, न्यूमोनियानं दगावू शकतं. आजारात अन्न जात नाही, तेव्हा शरीर स्वतःचं मांस मोडून दिवस काढतं. दंडातलं मांस म्हणजे कणगीतली ज्वारी. आधीच तळ दिसत असेल तर वाईट दिवस कशावर निघायचे?

हे लेकरांपुरतंच नाही. नेदरलँड्समध्ये म्हाताऱ्या माणसांची वर्षानुवर्षं पाहणी झाली. कोण लवकर जाईल याचा अंदाज वजन-उंचीच्या गणितापेक्षा बारीक दंडावरून जास्त चांगला आला. तू म्हातारा नाहीस, पण तो दंड काही साठीत एकदम बारीक होत नाही.

आणि तुझ्या पुण्यातच बघ. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. वजन-उंचीचा आकडा दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र साहेबांची ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांची २१.२. काटा बरोबर दाखवतो आणि आत मांस कमी, चरबी जास्त. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांतली बाळंही मोजली. ती सरासरी २.७ किलोची, तर साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचं मांस कमी, पण पाठीवरची चरबी त्या मानानं टिकलेली. अशांना पुढं साखरेचा धोका जास्त.

तू तर जन्मलास तेव्हा दोन किलोचाही नव्हतास. त्या साली वहिनी सातव्या महिन्यापर्यंत उसाच्या फडावर होती, हे तुला वेगळं सांगायला नको. मांस आधीच कमी घेऊन आलास आणि त्यावर हे उपास! उपाशी राहिल्यानं नुसती चरबी जात नाही रे, मांसही जातं. डाळ, अंडी, शेंगदाणे पोटात पाहिजेत आणि जोर-बैठका अंगाला पाहिजेत.

तू पैसे वाचवतोस, हे मला कळतं. सोयाबीनला भाव नाही, दादानं कर्ज काढलंय. पण ही वाट माझ्या पायाखालची आहे. नवी सून होते तेव्हा सगळ्यांना वाढून उरेल ते खायचे आणि त्यात मोठेपणा मानायचे. त्या उपासानं घरातला एक रुपयासुद्धा वाढला नाही. आज भरली कळशी उचलताना हात थरथरतात. तरण्या वयात कुणीतरी हाताला धरून ताटावर बसवायला पाहिजे होतं, असं अजून वाटतं. म्हणून तुला रागावतेय.

डाव्या खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून, पट्टी न आवळता दंडाचा घेर मोज आणि कळव. मोठ्यांसाठी आमच्या पट्टीवर रंग नाहीत, पण दर महिन्याला मोजलास तर वाढतोय की उतरतोय ते कळेल. पोट सुटलंय, तेव्हा एकदा साखरही तपासून घे.

जास्त बोलले असेन तर मनावर घेऊ नकोस. अभ्यासाचं मी काही विचारत नाही. पोस्ट निघाली तर पेढे वाटू, नाही निघाली तरी हे घर तुझंच आहे. गावचं कुणी पुण्याला निघालं की शेंगदाण्याचे लाडू आणि जवसाची चटणी देऊन पाठवते. सगळं मित्रांना वाटू नकोस, थोडं तूही खा.

आणि उद्यापासून दोन वेळची मेस लाव. दुसऱ्या वेळचे पैसे माझ्या मानधनातून दर महिन्याला येतील. दादाला यातलं काही सांगू नकोस. त्याला वाईट वाटेल.

तुझी,
आत्या