विदर्भाचे अकरा कोण, आणि का?



रणजी करंडकाच्या बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ जिंकतो. विदर्भाची संघनिवड समजून घ्यायची तर या एका नियमापासून सुरुवात करावी लागते. अंतिम सामना पाच दिवसांचा असतो. प्रतिस्पर्ध्याला दोनदा बाद करणे नेहमी जमतेच असे नाही; पण आपल्यापेक्षा एक धाव कमी असताना एकदा बाद केले, तरी करंडक हाती येतो. त्यामुळे कर्णधार आणि प्रशिक्षक एखादा फलंदाज कमी करून गोलंदाजी करू शकणारा गडी का घेतात, याचे उत्तर बहुतेक वेळा या नियमात सापडते. घरी मोबाइलवर धावफलक बघणाऱ्याला त्या वेळी फक्त एवढेच दिसते, की शून्यावर बाद झालेला सलामीवीर मुळात फिरकी गोलंदाज आहे.

फेब्रुवारी 2025 मधला नागपूरजवळच्या जामठ्याचा अंतिम सामना या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. समोर केरळ होते. विदर्भाने सलामीवीर अथर्व तायडेला वगळून अक्षय कर्णेवारला घेतले. उपांत्य सामन्यात मुंबईविरुद्ध तायडे दोन्ही डावांत लवकर बाद झाला होता, त्यामुळे त्याला बसवणे अनपेक्षित नव्हते. आश्चर्य होते ते त्याच्या जागी दुसरा सलामीवीर न घेण्याचे. ध्रुव शोरीबरोबर सलामीला फिरकी गोलंदाज पार्थ रेखाडे आला आणि सामन्याच्या पहिल्याच षटकात शून्यावर परतला. तिसऱ्या क्रमांकावर दर्शन नळकांडे, म्हणजे मध्यमगती गोलंदाज. त्याने 1 धाव केली. शोरी 16 धावांवर गेला तेव्हा फलकावर 3 बाद 24 होते.

त्या सकाळी यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्यापासून पुसदपर्यंत ज्याच्या हातात मोबाइल होता, त्याने निवड समितीला शिव्या घातल्या असतील तर नवल नाही. पण पुढे काय झाले तेही त्याच फलकावर आहे. दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी चौथ्या विकेटसाठी 215 धावा जोडल्या. नायर 86 वर धावबाद झाला, मालेवारने 153 केल्या आणि डाव 379 वर संपला. केरळच्या 342 धावांत नळकांडे, रेखाडे आणि हर्ष दुबे यांनी प्रत्येकी तीन बळी घेतले. केरळचा कर्णधार सचिन बेबी 98 वर होता. त्याला रेखाडेने नायरच्या हाती झेल द्यायला लावले. आघाडी मिळाली ती 37 धावांची, आणि तीच पुरली. दुसऱ्या डावात विदर्भ 2 बाद 7 अशा अवस्थेत असताना मालेवार (73) आणि नायर (135) पुन्हा उभे राहिले. तळाला नळकांडेने नाबाद 51 केल्या. 9 बाद 375 वर खेळ थांबला आणि विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला.

यावरून निवड बरोबर होती असे सिद्ध होते का? अर्धवट होते. रेखाडेला संघात घेणे योग्यच होते. उपांत्य सामन्यात त्याने मुंबईच्या पहिल्या डावात 16 धावांत 4 बळी घेतले होते; अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे हे त्याने एकाच षटकात टिपले. त्याला सलामीला पाठवणे हा मात्र वेगळा प्रश्न आहे, आणि नळकांडेला तिसऱ्या क्रमांकावर पाठवण्याचे समर्थन करणे कठीण आहे. नवा चेंडू जुना होईपर्यंत मालेवार आणि नायर यांना झाकून ठेवायचे, असा त्यामागचा विचार दिसतो. प्रत्यक्षात दोघांनाही अगदी लवकर मैदानात उतरावे लागले. पाच दिवसांनी करंडक उचलला म्हणून पहिल्या सकाळचा प्रत्येक निर्णय पवित्र होत नाही. संघात कोण आणि क्रमात कुठे, या दोन गोष्टी मत देणाऱ्याने वेगवेगळ्या तोलाव्यात. क्रिकेटवरची बहुतेक भांडणे त्या एकत्र केल्यामुळे होतात.

कर्णेवारबद्दल यवतमाळकरांना विशेष जिव्हाळा आहे, कारण तो पांढरकवड्याचा. उजव्या हाताने ऑफस्पिन आणि डाव्या हाताने डावखुरी फिरकी, अशा दोन्ही हातांनी तो गोलंदाजी करतो. नोव्हेंबर 2021 मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चारही षटके निर्धाव टाकली आणि दोन बळी घेतले. ट्वेंटी-20 मध्ये चारच्या चारही षटके निर्धाव टाकणारा तो पहिला. पण 'आपल्या जिल्ह्याचा आहे, त्याला घ्या' हा युक्तिवाद गावच्या गणपती मंडळात चालतो, संघनिवडीत नाही. अंतिम सामन्यात त्याने बळी घेतला नाही. 12 आणि 30 धावा केल्या. त्या 30 धावांची किंमत मात्र आकड्यापेक्षा जास्त आहे, कारण पाचव्या दिवशी तळाच्या फलंदाजांनी काढलेले प्रत्येक षटक केरळपासून सामना दूर नेत होते.

आता बाहेरच्या खेळाडूंचा मुद्दा. नायर कर्नाटकातून आला, शोरी दिल्लीहून. 'आपल्या पोरांच्या जागा खातात' ही तक्रार नागपुरात वासीम जाफरच्या वेळेपासून ऐकू येते. फैज फजलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने 2017-18 मध्ये इंदूरमध्ये दिल्लीला हरवून पहिला करंडक जिंकला, तेव्हा बाहेरून आलेला जाफर संघात होता; पण अंतिम सामन्यात 133 धावा केल्या त्या अक्षय वाडकरने, आणि हॅट्ट्रिक घेतली रजनीश गुरबानीने. 2024-25 च्या हंगामातही विदर्भाकडून सर्वाधिक 960 धावा यश राठोडच्या, आणि 69 बळींचा स्पर्धेतला नवा विक्रम हर्ष दुबेचा. बाहेरून आलेल्याने एक जागा अडवली हे खरे. उरलेल्या दहांनी त्याच्याबरोबर खेळून काय मिळवले, हेही मोजायला हवे.

उलटी वाटही आहे. 2018-19 च्या अंतिम सामन्यात विदर्भाकडून सौराष्ट्राचे 11 बळी घेणारा, चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत बाद करणारा आदित्य सरवटे 2025 मध्ये केरळकडून खेळला आणि त्याने विदर्भाविरुद्धच 79 धावा केल्या. अमरावतीचा जितेश शर्मा भारतीय ट्वेंटी-20 संघापर्यंत पोहोचला. पण रणजी स्पर्धेत वाडकर यष्टिरक्षक आणि कर्णधारही असल्याने त्याला वाव कमीच होता. तो 2025 मध्ये बडोद्याला गेला. एका संघात दोन तोडीचे यष्टिरक्षक असले की एकाला थांबावे लागते. यात कुणाचा कट शोधण्याआधी जागा किती आहेत ते मोजावे.

तायडेचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच जामठ्यावर इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध तो पुन्हा सलामीला आला, 143 धावा केल्या आणि सामनावीर ठरला. विदर्भ 93 धावांनी जिंकले. यावर 'फेब्रुवारीत त्याला वगळायलाच नको होते' असे म्हणणारे बरेच भेटतील. ऑक्टोबरची खेळी फेब्रुवारीत कुणाला दिसत नव्हती. तेव्हा दिसत होती ती उपांत्य सामन्यातली. त्याला कायमचा मोडीत काढणारेही तेवढेच चुकले. दरम्यान नायर कर्नाटकात परतला. अंतिम सामन्यात 86 आणि 135 धावा करणाऱ्या नायरच्या जागेवर कोणी यावे, याबद्दल मत द्यायचे तर राठोडला वर आणण्याचा पर्याय सर्वांत सरळ दिसतो. फक्त मग त्याच्या आताच्या क्रमांकावर कोण, हेही त्याच वाक्यात सांगावे लागेल.

— मामा, यवतमाळ