घाटातला चार्जर म्हणजे दिलेला शब्द

जुलैची रात्र, साडेनऊचा सुमार. मी साताऱ्यात घरी जेवायला बसले होते आणि फोन वाजला. "ताई, मशिनवर तुमचा नंबर लिहिलाय. गाडीत नऊ टक्के उरलेत, सोबत आई आहे, आणि मशिनवर नुसता लाल दिवा." आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाचं ते मशिन मीच बसवलेलं होतं. बाहेर धुकं, पाऊस, आणि जवळपास दुसरा चार्जर नाही. शेवटी शेजारच्या हॉटेलवाल्या मामांनी स्वयंपाकघराची खिडकी उघडून पंधरा अँपिअरच्या सॉकेटची वायर बाहेर दिली. त्या मायलेकांना जेवू घातलं आणि झोपायला खोलीही दिली. सकाळपर्यंत गाडी निघण्याइतकी भरली.

गेली बावीस वर्षं मी विजेची कंत्राटं घेते. अलीकडे बरीचशी कामं घाटरस्त्यांवरच्या चार्जरची असतात : महाबळेश्वर, पोलादपूर, आंबा, गगनबावडा, आंबोली. त्या रात्रीने मला जे शिकवलं ते कोणत्याही माहितीपुस्तकात नव्हतं. या कामात उतरणाऱ्या प्रत्येकासाठी ते इथे लिहून ठेवते आहे.

१. अंतर मोजाल तसा चढही मोजा

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या. चार्जिंग स्टेशनला वेगळा परवाना लागणार नाही आणि महामार्गावर दर २५ किलोमीटरला एक तरी स्टेशन असावं, असं त्यात होतं. पाऊल चांगलं होतं. पण सपाटीवरचे पंचवीस किलोमीटर आणि घाटातले पंचवीस यांत फार फरक आहे.

पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास, आणि चढ साधारण तेराशे मीटरचा. चार माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन अठराशे किलो धरा. ते वजन तेवढ्या उंचीवर न्यायला निव्वळ साडेसहा युनिट वीज लागते. त्यात एरवीच्या चालण्याचे पाच-सहा युनिट आणि वाटेतली घट मिळवा. तीस युनिटच्या बॅटरीतली चाळीस टक्के वीज या चाळीस किलोमीटरांत संपते. पायथ्याशी पन्नास टक्के बघून निर्धास्त झालेला माणूस माथ्यावर दहा टक्क्यांनी पोहोचतो. म्हणून नवी जागा बघायला जाताना मी नकाशासोबत उंचीचे आकडेही घेऊन जाते.

२. माथ्यावर भरा, पण काठोकाठ नको

उतारावर मोटर उलटी काम करते, वीज तयार करते आणि गाडीला रोखूनही धरते. त्याच घाटातून खाली येताना तीन-चार युनिट परत मिळतात. पण बॅटरी आधीच शंभर टक्के भरलेली असेल, तर ती वीज जाणार कुठे? मग मोटरचा रोध कमी पडतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. माझ्या माथ्यावरच्या प्रत्येक मशिनवर पाटी आहे : "खाली उतरणार असाल तर ऐंशी टक्क्यांना थांबा." गाडीही सुरक्षित राहते आणि मागच्याची रांगही लवकर सरकते.

पायथ्याशी मात्र पूर्ण भरायची सोय हवी. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळी घाट खचला, तेव्हा माथा आणि पायथा यांची गाठ कित्येक दिवस तुटली होती. घाट बंद पडला की वळसा घालावा लागतो. म्हणून दोन्ही टोकांना चार्जर असलेच पाहिजेत.

३. जागेआधी डीपी बघा

जागामालक मोठ्या हौसेने रस्त्याकडेची जागा दाखवतो. मी आधी डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, कुठे आहे ते विचारते. डोंगरातल्या वाडीची डीपी बहुतेक वेळा त्रेसष्ट नाहीतर शंभर केव्हीएची असते. साठ किलोवॅटचं मशिन पूर्ण जोरात चाललं की एकटंच पासष्टच्या आसपास खातं. उरलेल्यात गावाचे दिवे, गिरण आणि नळपाण्याची मोटर.

सुरुवातीच्या एका कामात मी गावच्या डीपीवरच जोडणी घेतली. पहिल्याच शनिवारी संध्याकाळी दोन गाड्या लागल्या आणि गिरणीचा पट्टा अडखळायला लागला. दळण घेऊन उभी असलेली एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, तुमच्या गाडीचं पोट भरतंय, आमच्या भाकरीचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मशिनचा जोर निम्म्यावर आणला आणि वेगळ्या डीपीसाठी अर्ज केला. उच्चदाबाची लाइन डोंगरातून ओढायचा खर्च तिथे मशिनच्या किमतीपेक्षा जास्त आला, पण तो टाळून चालणार नव्हतं. गावाच्या वाट्याची वीज घेऊन पर्यटकाची गाडी भरायची, हे मला मान्य नाही.

४. जांभ्यातलं अर्थिंग उन्हाळ्यात तपासा

मेच्या शेवटी एका माथ्यावरून तक्रार आली. काही गाड्या चार्जिंग घेत होत्या, काही घेत नव्हत्या. मशिनमध्ये दोष सापडेना. शेवटी मीटर लावून अर्थिंग मोजलं. पावसाळ्यात दोन ओहम दाखवणारा खड्डा चौदावर गेला होता. वर जांभा, खाली काळा पाषाण. पाऊस थांबला की असा दगड ओल धरून ठेवत नाही. इलेक्ट्रिक गाडी या बाबतीत शहाणी असते, अर्थिंग पटलं नाही तर ती वीज घेतच नाही.

तेव्हापासून मी एका खड्ड्यावर भागवत नाही. तीन-चार खड्डे, एकमेकांपासून लांब, तांब्याच्या पट्टीने जोडलेले. आणि त्यांची परीक्षा मेमध्ये, पावसाळा सुरू होण्याआधी. पावसाळ्यात मोजलेलं अर्थिंग आपलीच फसवणूक करतं.

५. घाटातला पाऊस आडवा येतो

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा मला पाठ होता, त्याची दिशा मात्र मी लक्षात घेतली नव्हती. त्या जुलैच्या रात्रीचं कारण सकाळी उजाडल्यावर कळलं. आंबेनळीच्या त्या मशिनचं तोंड पश्चिमेला होतं. छप्पर होतं, पण वरून पडणाऱ्या पावसापुरतं. आधीच्या कुणीतरी चार्जिंगची गन जाग्यावर न लावता खाली सोडली होती. वाऱ्याने आलेलं पाणी आणि लाल चिखल तिच्या तोंडात भरला होता. मशिनने गळती ओळखली आणि स्वतःला बंद केलं. मशिनचं काही चुकलं नव्हतं, चूक माझी होती.

आता माझ्या मशिनांची पाठ पश्चिमेला असते. तीन बाजूंनी पत्रा, गनला झाकण आणि तिचा आकडा कमरेच्या उंचीवर, म्हणजे वयस्कर माणसालाही ती सहज जाग्यावर लावता येते. केबल आत शिरते तिथलं प्रत्येक भोक मी स्वतः बंद करते, कारण उबेसाठी पाली आणि मुंगळे आत जातात आणि एक पाल सर्किटवर चिकटली की सगळं मशिन बसतं.

६. एका मोठ्यापेक्षा दोन लहान बरी

साठच्या एका मशिनऐवजी तीसची दोन बसवा. तीस युनिटची बॅटरी वीसवरून ऐंशी टक्क्यांवर जायला तीसच्या मशिनवर चाळीस मिनिटं लागतात, तेवढ्यात पिठलं-भाकरी होते. मोठं मशिन वीस मिनिटं वाचवेल, पण ते बंद पडलं की सगळंच बंद. त्या रात्री तिथे दुसरं मशिन असतं, तर फोन आलाच नसता.

आणि मुक्कामाच्या ठिकाणी फास्ट चार्जरचा हट्ट नको. लॉजच्या अंगणात सात किलोवॅटचा साधा चार्जर रात्रीतून गाडी भरून देतो. त्याला नवी डीपी लागत नाही, आणि सकाळी फास्ट चार्जरवरची रांगही कमी होते.

७. रेंज नसेल तरी वीज मिळाली पाहिजे

ॲप उघडत नाही, पैसे जात नाहीत, म्हणून चालू मशिनसमोर अडकलेली माणसं मी पाहिली आहेत. दरीत रेंज नसते, धो धो पावसात टॉवरही बंद पडतो. म्हणून शेजारच्या दुकानदाराकडे मशिन सुरू करणारं कार्ड ठेवते. पैसे त्याला रोख द्यायचे, तो कार्ड लावतो, वीज सुरू. हिशेब रेंज आली की जुळतो.

८. शेजारी माणूस हवा

सगळ्यात महत्त्वाचं हेच. स्वस्त मिळते म्हणून ओसाड वळणावर जागा घेऊ नका. लहान मूल घेऊन एकटी बाई रात्री चाळीस मिनिटं गाडीत बसणार असेल, तर तिथे दिवा हवा, स्वच्छ शौचालय हवं आणि हाक मारली तर ओ देणारं कुणी हवं. मी जागामालकाशी नुसता भाड्याचा करार करत नाही. विकलेल्या प्रत्येक युनिटमागे त्याचा वाटा ठरवते. मग मशिन बंद पडलं की नुकसान त्याचंही होतं, आणि तो मला आधी फोन करतो.

९. शनिवार-रविवारवर बारा महिने जगावं लागतं

शनिवारी रांग आणि मंगळवारी शुकशुकाट, ही घाटाची रीत आहे. ठरलेला खर्च मात्र दर महिन्याला करावाच लागतो. डोंगरातलं स्टेशन शहरातल्याइतकं लवकर पैसे फेडणार नाही, हे आधीच मान्य करा. म्हणूनच सरकारी मदत आधी अशा जागांकडे वळायला हवी. एसटी, शाळेची गाडी, गावातल्या रिक्षा जसजशा विजेवर येतील, तसतसे मधले दिवसही भरतील. सोय आधी झाली तरच त्या येतील.

त्या रात्रीनंतर मी आंबेनळीच्या मशिनची दिशा फिरवली, छप्पर बदललं, शेजारी दुसरं मशिन उभं केलं. मामांच्या पुतण्याला गन पुसायला, मीटर वाचायला आणि कार्ड लावायला शिकवलं. तो रोज रात्री हॉटेल बंद करण्याआधी दोन्ही मशिनांचे हिरवे दिवे बघतो आणि मला फोन करतो. फोन फार तर दहा सेकंदांचा असतो. "ताई, दोन्ही चालू." तो आला की मी ताटावर बसते.