हात, कोस आणि योजन : लांबीची पारंपरिक मापे व त्यांचे रूपांतर

तीर्थयात्रा, दान आणि देवकार्य यांच्याशी लांबीच्या जुन्या मापांचा निकटचा संबंध आहे. देवीस अर्पण करावयाचे लुगडे नऊ वारांचे, परिक्रमा पंचक्रोशीची, मूर्तीची उंची अंगुळांत, विहिरीची खोली परसांत, आणि इनाम जमिनीची मोजणी काठीने अशी आपली परंपरा. आज सर्व व्यवहार मीटर व किलोमीटरमध्ये होत असल्याने जुने माप नव्या मापात कसे बदलावे, हा प्रश्न यात्रेकरूंना व देणगीदारांना वारंवार पडतो. भाविकांच्या माहितीस्तव या मापांची कोष्टके, त्यांचे रूपांतर आणि ते करताना घ्यावयाची दक्षता येथे दिली आहे.

देह हेच मूळ माप

आपली बहुतेक प्राचीन मापे मनुष्यदेहावरून घेतलेली आहेत. बोटाची रुंदी अथवा मधल्या बोटाचे मधले पेर म्हणजे अंगुळ. अंगठा व करंगळी ताणली असता होणारे अंतर म्हणजे वीत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे हात. दोन्ही बाहू पसरले असता बोटांच्या टोकांमधील अंतर म्हणजे वाव. दोर मोजण्यास वाव आणि विहिरीची खोली सांगण्यास पुरुष अथवा परस हे शब्द खेड्यापाड्यांतून रूढ आहेत. त्याहून मोठ्या अंतरांसाठी देह पुरेसा नसल्याने ध्वनीचा आधार घेण्यात आला. ‘क्रोश’ या संस्कृत शब्दाचा अर्थ हाक अथवा ओरडणे असा असून त्यावरूनच ‘कोस’ हा शब्द आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अंतराच्या एका मापास ‘गोरुत’, म्हणजे गाईचे हंबरणे, असे नाव आहे.

लीलावतीतील कोष्टक

ज्योतिर्विद भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथाचा ‘लीलावती’ हा गणितविषयक भाग सर्वपरिचित आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याचा, तेराव्या शतकाच्या प्रारंभीचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावनजीक पाटण येथे आहे. पाटणादेवीच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांना हे स्थान ठाऊक असेलच. लीलावतीतील लांबीचे कोष्टक पुढीलप्रमाणे आहे.

८ यवोदर (जवाच्या दाण्याची जाडी) = १ अंगुळ
२४ अंगुळे = १ हात
४ हात = १ दंड
२००० दंड = १ कोस
४ कोस = १ योजन

१२ अंगुळांची एक वीत व दोन वितींचा एक हात हे प्रमाणही सर्वत्र आढळते. व्यवहारात हात साधारणतः १८ इंचांचा धरला जातो. तो आधार घेतल्यास पुढील रूपांतर मिळते.

१ अंगुळ = सुमारे १.९ सेंटिमीटर
१ वीत = सुमारे २२.९ सेंटिमीटर
१ हात = ४५.७२ सेंटिमीटर
१ दंड = सुमारे १.८३ मीटर
१ कोस = सुमारे ३.६६ किलोमीटर
१ योजन = सुमारे १४.६३ किलोमीटर

यांपैकी पहिले कोष्टक शास्त्रोक्त असून त्यातील प्रमाणे निश्चित आहेत. दुसरे कोष्टक मात्र हात १८ इंचांचा आहे या एका गृहीतावर उभे आहे. ते गृहीत बदलले की खालचे सर्व आकडे बदलतात. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळेच रूपांतरात बहुतेक चुका होतात.

हात कोणाचा ?

जुन्या ग्रंथकारांना या अडचणीची पूर्ण जाणीव होती. वैदिक यज्ञवेदीच्या रचनेत यजमानाच्या देहावरून माप घेण्याची पद्धत होती. बौधायन शुल्बसूत्रात १२० अंगुळांचा एक पुरुष सांगितला आहे. यजमान उंच असेल तर वेदी मोठी व ठेंगणा असेल तर लहान होई. वेदीच्या अंगांचे परस्पर प्रमाण मात्र तेच राही.

मूर्तिशास्त्रातही अंगुळाचे तीन प्रकार मानले जातात. आठ यवांचे ते मानांगुल. यजमान अथवा आचार्य यांच्या मधल्या बोटाच्या पेरावरून घेतलेले ते मात्रांगुल. मूर्तीच्या स्वतःच्या उंचीचे समभाग करून मिळणारे ते देहांगुल. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उत्तम मूर्तीची उंची १०८ अंगुळे सांगितली आहे, तेथे हे तिसरे अंगुळ अभिप्रेत आहे. म्हणजे मूर्ती वीतभर असो वा पुरुषभर, तिच्या उंचीचा एकशेआठवा भाग हे तिचे अंगुळ होय. अशा १०८ अंगुळांचे ‘दोन मीटर सहा सेंटिमीटर’ असे रूपांतर करणे निरर्थक आहे. नवी मूर्ती घडवून घेणाऱ्या दात्याने शिल्पकाराकडून ‘अंगुळ कोणते’ हे प्रथम समजून घ्यावे.

दानाचे माप मोठे

कौटिल्याने अंगुळाची व्याख्या मध्यम उंचीच्या पुरुषाच्या मधल्या बोटाच्या मध्यभागावरून केली आहे. त्याने सामान्य हात २४ अंगुळांचा सांगितला असला, तरी कार्यपरत्वे निरनिराळे हात दिले आहेत. कुरणे मोजण्याचा हात २८ अंगुळांचा, सुतारकामाचा ४२ अंगुळांचा, तर वनातील मोजणीचा ५४ अंगुळांचा आहे. सामान्य दंड चार हातांचा, म्हणजे ९६ अंगुळांचा आहे.

याच प्रकरणात देणगीदारांनी विशेष लक्षात ठेवावी अशी एक नोंद आहे. ब्राह्मणांना दान द्यावयाची जमीन मोजण्यासाठी कौटिल्याने १९२ अंगुळांचा, म्हणजे सामान्य दंडाच्या दुप्पट लांबीचा, दंड सांगितला आहे. लांबी दुप्पट झाली की क्षेत्र चौपट होते. दहा दंड लांब व दहा दंड रुंद जमीन दानाच्या दंडाने मोजली, तर ती सामान्य दंडाने मोजलेल्या तितक्याच दंडांच्या जमिनीच्या चौपट भरते. असे दान सामान्य दंडाच्या कोष्टकाने मीटरमध्ये आणले, तर दात्याने दिलेल्या जमिनीपैकी तीन चतुर्थांश जमीन केवळ कागदावरच्या हिशेबात नाहीशी होईल. माप बदलताना दात्याचा संकल्प घटू नये, हे रूपांतराचे पहिले पथ्य होय.

काठी, बिघा व चाहूर

महाराष्ट्रातील जुन्या जमिनींच्या कागदपत्रांत काठी, पांड, बिघा व चाहूर ही मापे येतात. कृष्णाजी अनंत सभासद यांच्या सतराव्या शतकाच्या अखेरच्या बखरीत शिवछत्रपतींच्या काळातील मोजणीची माहिती आहे. त्यानुसार हात १४ तसूंचा, पाच हात व पाच मुठी मिळून ८२ तसूंची एक काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चाहूर होय.

याउलट ब्रिटिश अमदानीतील मुंबईच्या कोष्टकात हात १६ तसूंचा व १८ इंचांचा असून तसू एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचा आहे. या दोन कोष्टकांची सरमिसळ केल्यास काय होते, ते पाहावे. मुंबईचा तसू आधार धरला, तर ८२ तसूंची काठी सुमारे २.३४ मीटर होते व बिघा सुमारे २,१९६ चौरस मीटर भरतो. त्याऐवजी १८ इंचांचा हात आधार धरून त्याचे १४ तसू केले, तर तीच काठी सुमारे २.६८ मीटर होते व बिघा सुमारे २,८६८ चौरस मीटर भरतो. एका बिघ्यामागे ६७२ चौरस मीटरचा, म्हणजे साडेसहा गुंठ्यांहून अधिक फरक पडतो. एका चाहुरात हा फरक सुमारे आठ हेक्टर, म्हणजे वीस एकरांच्या आसपास जातो.

यास्तव जुन्या इनामपत्रातील बिघ्यांचे रूपांतर केवळ छापील कोष्टकावरून करू नये. त्या गावी त्या काळी कोणती काठी चालत होती हे पाहावे, आणि त्याच जमिनीची नंतरची मोजणी उपलब्ध असल्यास तिच्याशी मेळ घालावा. इ. स. १८३५ च्या सुमारास इंदापूर भागात सुरू झालेल्या नव्या मोजणीनंतर मुंबई इलाख्यात ३३ फुटांची साखळी रूढ झाली. तिच्या चौरसास गुंठा व ४० गुंठ्यांस एकर म्हणतात. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१.१७ चौरस मीटर. हे माप निश्चित असल्याने गुंठ्याचे रूपांतर निःशंकपणे करता येते.

वस्त्रार्पण : वार, गज व मीटर

कापडाचा ‘वार’ म्हणजे इंग्रजी यार्ड होय. त्याचे ३६ इंच, दोन हात, अथवा ९१.४४ सेंटिमीटर होतात. त्यामुळे नऊवारी लुगडे म्हणजेच अठरा हातांचे लुगडे. त्याची लांबी ८.२३ मीटर भरते. सहावारी पातळ ५.४९ मीटरचे होते. आठ मीटरचे लुगडे घेतल्यास ते नऊ वारांस २३ सेंटिमीटर, म्हणजे अर्धा हात, कमी पडते. नऊ मीटर घेतल्यास ७७ सेंटिमीटर अधिक होते. नवसाचे लुगडे नऊ वारांचे असेल, तर दुकानात सव्वाआठ मीटर मागावे. ते पुरेसे होते.

‘गज’ या शब्दाविषयी अधिक सावध राहावे. मुंबईच्या जुन्या कोष्टकातील गज २४ तसूंचा, म्हणजे २७ इंचांचा होता. अकबराच्या काळातील ४१ अंगुळांचा इलाही गज पुढे उत्तर हिंदुस्थानात ३३ इंचांचा धरण्यात आला. आज अनेक ठिकाणी गज व वार एकच समजतात. जुन्या वहीतील ‘दहा गज कापड’ हे मुंबईच्या गजाने ६.८६ मीटर, इलाही गजाने ८.३८ मीटर, तर वाराच्या हिशेबाने ९.१४ मीटर होईल.

परिक्रमा व कोस

आता यात्रेकरूंच्या नित्य उपयोगाचे माप. मराठी बोलीत कोस म्हणजे दोन मैल, अर्थात सुमारे ३.२ किलोमीटर. लीलावतीचा कोस ३.६६ किलोमीटरचा. ‘आईन-ए-अकबरी’त कोस ५,००० इलाही गजांचा सांगितला असून ३३ इंचांच्या गजाने तो सुमारे ४.२ किलोमीटर होतो. मोगल काळात मार्गांवर कोसाकोसावर उभारलेले मिनार दिल्ली, हरियाणा व पंजाबमध्ये आजही पाहावयास मिळतात. त्यांपैकी एक दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे.

काशीची पंचक्रोशी यात्रा पंचवीस कोसांची मानली जाते. दोन मैलांच्या कोसाने हे अंतर ८० किलोमीटर होते, आणि परिक्रमेचे प्रचलित अंतरही सुमारे इतकेच सांगितले जाते. लीलावतीच्या कोसाने ते ९१, तर अकबरी कोसाने १०५ किलोमीटर होईल. पाच दिवसांत चालावयाचे झाल्यास रोजची मजल अनुक्रमे १६, १८ अथवा २१ किलोमीटर पडते. तरुणांस हा फरक जाणवणार नाही. परंतु वृद्ध व रुग्ण भाविकांच्या दृष्टीने रोजचे पाच किलोमीटर फार महत्त्वाचे आहेत. म्हणून कोसांतील अंतर परंपरेची खूण म्हणून जाणावे आणि चालण्याचे नियोजन प्रत्यक्ष मोजलेल्या किलोमीटरवरून करावे.

योजनाविषयी एक इशारा

पुराणांतील योजने किलोमीटरमध्ये आणण्याचा मोह अनेकांना होतो. याबाबत एक उदाहरण बोधप्रद आहे. आर्यभटाने (इ. स. ४९९) पृथ्वीचा व्यास १,०५० योजने, तर भास्कराचार्यांनी १,५८१ योजने दिला आहे. पृथ्वी तर एकच. तिचा व्यास आज सुमारे १२,७४२ किलोमीटर मोजला गेला आहे. त्यावरून भागाकार केल्यास आर्यभटाचे योजन सुमारे १२ किलोमीटरचे, तर भास्कराचार्यांचे सुमारे ८ किलोमीटरचे ठरते. लीलावतीच्या कोष्टकातील १४.६३ किलोमीटरशी यांपैकी एकही जुळत नाही. एवढ्या थोर गणितज्ञांच्या ग्रंथांतही योजन एक नाही. तेव्हा पुराणातील योजनास एकच गुणक लावून वाद घालू नये.

भाविकांसाठी सूचना

१. एकाच कोष्टकातील मापांचे परस्पर रूपांतर अचूक असते. ते निःशंकपणे करावे.
२. जुने माप मीटरमध्ये आणण्यापूर्वी ते कोणाच्या हाताचे, कोणत्या कार्याचे व कोणत्या प्रांताचे, हे तीन प्रश्न विचारावेत.
३. आधार कोणता धरला ते रूपांतराशेजारी लिहावे. उदाहरणार्थ, ‘५ हात, हात १८ इंचांचा धरून २.२९ मीटर’.
४. मूळ माप कागदावरून कधीही खोडू नये. जुना व नवा असे दोन्ही आकडे एकत्र ठेवावेत.
५. देणगीपत्रात वस्त्र, जमीन अथवा बांधकाम यांचे माप मेट्रिक पद्धतीनेच नोंदवावे. भारतात ही पद्धती १९५६ च्या कायद्याने स्वीकारण्यात आली असून सध्या वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ लागू आहे. परंपरेचे माप सोबत लिहिण्यास हरकत नाही.

जुनी मापे आपल्या पूर्वजांच्या दानाची व श्रमाची साक्ष देतात. त्यांचा योग्य अर्थ लावला, तर दात्याने जेवढे दिले तेवढेच पुढील पिढ्यांच्या नोंदीत राहील.