आकडा पट्ट्याचा, अक्षर कपाचं

प्रश्न : गंजगोलाईतल्या दुकानात ब्रा घेताना ‘३४ बी की सी? पॅडेड की साधी?’ असं विचारलं की गोंधळते. काय सांगू?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, संकोच नको. आकडा छातीखालच्या पट्ट्याचा. छातीच्या भरलेल्या भागाचं माप त्या आकड्यापेक्षा साधारण १ इंच जास्त असेल तर कप ए, २ इंच तर बी, ३ इंच तर सी. तक्ता कंपनीगणिक थोडा बदलतो, पाकिटावर पाहा. ३४ बीचा कप नीट बसतो, पण पट्टा सैल? मग ३२ सी मागा. कपातली जागा तेवढीच राहते. आधार मुख्यतः पट्टा देतो, म्हणून खांद्यावर वळ उठत असतील तर बंद आवळत बसू नका. पॅडेड म्हणजे आतून अस्तराचा जाड कप. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मी साधी सुतीच सुचवेन.